मंदावलेला ब्राउझर आणि अकरा वर्षं जुनी फाइल: माझे अठरा दिवस

२ जूनच्या दुपारी एक ऑनलाइन अर्ज भरता भरता माझं सत्र संपलं. सहा पानांचा अर्ज होता. पाचव्या पानावरच्या चौकटीत मी मजकूर टाइप करत होते आणि अक्षरं दोन-तीन सेकंदांनी उमटत होती. 'पुढे' दाबलं तर नुसतं चक्र फिरत राहिलं, आणि मग 'सत्र संपले, पुन्हा प्रवेश करा' अशी पाटी आली. भरलेलं सगळं गेलं. मी पुन्हा पहिल्या पानापासून बसले, पण हात थरथरत होते, कारण मुदतीला दोनच दिवस उरले होते.

अर्ज शेवटी मोबाइलवरून भरला. रात्री मात्र ठरवलं की या ब्राउझरचं काय बिनसलंय ते शोधायचंच. काम पुरं व्हायला अठरा दिवस लागले. पैसे अजिबात लागले नाहीत, वेळ मात्र एकूण सोळा-सतरा तास गेला. त्यातला निम्मा चुकीच्या दिशेनं गेला, म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

आधी माझी परिस्थिती सांगते. लॅपटॉप सहा वर्षांचा, रॅम आठ जीबी, डिस्क एसएसडी. मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे ब्राउझर सकाळपासून रात्रीपर्यंत उघडाच असतो आणि साठ-सत्तर टॅब सहज साठतात. फायरफॉक्स वापरते, खूप वर्षांपासून. प्रत्येक वेळी नवीन संगणक घेतला की जुना प्रोफाइल फोल्डर तसाच उचलून नव्यावर ठेवायचा ही माझी सवय. बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, सगळं आपोआप येतं. या सवयीचा संबंध पुढे येईल.

पहिल्या रात्री मी बहुतेक जण करतात तेच केलं: इतिहास, कॅश, कुकी, सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावं लागलं, मोबाइलवर ओटीपी येत राहिले, आणि पानं आधीपेक्षा सावकाश उघडू लागली. आता त्याचं कारण कळतं. कॅश म्हणजे एकदा उतरवलेली चित्रं, अक्षरसंच आणि स्क्रिप्ट यांचा आपल्याच डिस्कवरचा साठा. तो पुसला की सगळं पुन्हा दुरून आणावं लागतं. एखादं पान मोडकं दिसत असेल तर कॅश पुसणं हा उपाय आहे. वेगासाठी तो उपाय नाही. मी त्यात एक पूर्ण दिवस घालवला.

३ जूनच्या संध्याकाळी मावसभावाला फोन केला. तो संगणकाच्या क्षेत्रातला आहे, पण त्यानं काही उपाय सांगायच्या आधी मलाच विचारलं, "ताई, हळू म्हणजे किती हळू? काही मोजलंयस का?" मोजलं नव्हतं. "मग एखादी गोष्ट बदलल्यावर फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

४ जूनला एक वही घेतली आणि तीन मोजमापं ठरवली. पहिलं, आयकॉनवर क्लिक केल्यापासून पत्त्याच्या पट्टीत टाइप करता येईपर्यंत लागणारा वेळ, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. दुसरं, रोज लागणारी पाच पानं ठरलेल्या क्रमानं उघडायला लागणारा वेळ. तिसरं, स्पीडोमीटर ही चाचणी. ही ब्राउझरमध्येच चालते. कामांच्या यादीत नोंदी घालणं, त्यांवर खूण करणं, त्या पुसणं अशा आपण एरवी करतो तशा गोष्टी ती भराभर करून बघते आणि शेवटी गुण देते. गुण जास्त तेवढा वेग जास्त. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली. अॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि फायरफॉक्सवाली मोझिला अशा ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती मिळून केलेली आहे, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटली नाही.

पहिल्या दिवशीचे आकडे असे: सुरू व्हायला ४१ सेकंद, पाच पानांना ५८ सेकंद, स्पीडोमीटरचे ४.१ गुण. प्रत्येक मोजणी तीनदा केली आणि मधला आकडा धरला. एक सूचना इथेच देते: मोजताना चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि आकडे फसवे येतात. माझी पहिली फेरी यामुळेच वाया गेली.

काही बदलण्याआधी राखीव प्रत काढली. बुकमार्कच्या खिडकीत ते एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय आहे. पासवर्डच्या पानावरून तेही फाइलमध्ये घेता येतात, पण ती फाइल उघड्या मजकुराची असते, कोणीही उघडून वाचू शकेल अशी. मी ती पेनड्राइव्हवर ठेवली आणि सगळं संपल्यावर आठवणीनं पुसली. ब्राउझर पूर्ण बंद करून प्रोफाइल फोल्डरचीही एक प्रत ठेवली. याला वीस मिनिटं लागली. पुढच्या पंधरा दिवसांत मी निर्धास्तपणे बदल करू शकले ते या वीस मिनिटांमुळे.

५ जूनला फायरफॉक्स ट्रबलशूट मोडमध्ये, म्हणजे दोष शोधायच्या अवस्थेत, सुरू केला. मदतीच्या मेनूत तो पर्याय आहे, किंवा शिफ्ट दाबून धरून ब्राउझर सुरू केला तरी विचारणा होते. या अवस्थेत सगळी एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं), थीम आणि हार्डवेअर अॅक्सेलरेशन (पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) तात्पुरती बंद होतात. काहीही कायमचं पुसलं जात नाही. फक्त विचारणेच्या खिडकीत 'रिफ्रेश'चंही बटण असतं, ते चुकून दाबू नका; ते काय करतं ते पुढे सांगते. सुरू व्हायचा वेळ ४१ वरून ३० सेकंदांवर आला, आणि टाइप केलेली अक्षरं लगेच उमटू लागली. स्पीडोमीटर मात्र या अवस्थेत चालवू नका. जावास्क्रिप्टला (पानांत चालणाऱ्या स्क्रिप्टची भाषा) वेग देणारी यंत्रणाही यात बंद असते, त्यामुळे गुण पडतात आणि उगाच घाबरायला होतं.

याचा अर्थ अक्षरं अडखळण्याचा दोष एक्स्टेन्शनमध्ये होता, पण सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचं मोठं कारण आणखी कुठेतरी होतं. एक्स्टेन्शन मोजली तर एकोणीस निघाली. त्यातल्या सातांचं काम काय हेही मला आठवेना. ती सात सरळ काढली. उरलेल्या बारांपैकी सहा बंद केली आणि मोजलं. मग त्यांतली तीन सुरू केली आणि पुन्हा मोजलं. असं निम्मं-निम्मं करत गेलं की एकेक तपासण्यापेक्षा खूप लवकर सापडतं. दोन तासांत तीन दोषी मिळाली.

एक होतं पान गडद करणारं. ते प्रत्येक पानाचे सगळे रंग वाचून नवे रंग मोजत बसायचं, आणि पानात काही बदललं की पुन्हा तेच. मी टाइप करत असलेली चौकट बदलली तरी त्याची धावपळ सुरू व्हायची. दुसरं व्याकरण तपासणारं. माझ्या व्यवसायामुळे ते घेतलं होतं, पण मराठीसाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता. तिसरी तर जोडगोळीच होती: जाहिराती अडवणारी दोन एक्स्टेन्शन एकाच वेळी. दोघंही प्रत्येक विनंती तपासायची. दुसऱ्यामुळे जाहिराती दुप्पट अडत नाहीत, नुसती तपासणी दुप्पट होते. एक ठेवलं, आणि त्यातही मी कधीतरी उत्साहानं टिकमार्क केलेल्या जादा याद्या काढून मूळच्या याद्यांवर आणलं. जाहिराती अडवणारं पूर्णपणे काढू मात्र नका. जाहिराती आणि मागावर राहणाऱ्या स्क्रिप्ट उतरल्याच नाहीत तर पान हलकं होतं. मी करून बघितलं: तेही बंद केल्यावर पाच पानांचा वेळ अकरा सेकंदांनी वाढला.

एक्स्टेन्शन तपासताना त्याची परवानगी जरूर वाचा. 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती पाहणे' असं लिहिलेलं असेल तर ते तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानात शिरतं. अशी जितकी कमी तितकं बरं, वेगासाठीही आणि सुरक्षिततेसाठीही.

५ जूनच्या रात्रीचे आकडे: सुरू व्हायला ३१, पाच पानांना ४४, गुण ५.६. अर्ज भरताना जो त्रास झाला होता तो खरं तर इथेच संपला होता. पण सुरू व्हायला एकतीस सेकंद का लागतात हे कोडं मला सोडवेना.

७ जूनला मी 'अबाउट:कॉन्फिग' उघडलं. ज्यांनी ते कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पत्त्याच्या पट्टीत हे शब्द रोमन अक्षरांत, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं देऊन टाकायचे. आधी सावधगिरीची सूचना येते आणि धोका मान्य असल्याचं बटण दाबावं लागतं. आत हजारो सेटिंग असतात. फक्त बदललेली सेटिंग दाखवायची सोय तिथे आहे, तीच आपल्या कामाची. बदललेलं सेटिंग ठळक अक्षरांत दिसतं आणि त्याच्या उजवीकडे मूळ किमतीवर नेणारा बाण असतो.

माझ्या यादीत दोनशेच्या वर ठळक ओळी होत्या आणि मी हबकले. नंतर कळलं की त्यातल्या बहुतेक फायरफॉक्सनं स्वतःच्या नोंदीसाठी लिहिलेल्या असतात: शेवटचं अपडेट कधी झालं, खिडकी केवढी होती, वगैरे. त्यांना हात लावायचं कारण नाही. 'अबाउट:सपोर्ट' या पानावर महत्त्वाच्या बदलांची छोटी यादी वेगळी मिळते. तिथून सुरुवात केली तर डोकं शांत राहतं.

त्या यादीत ओळखीची नावं दिसू लागली. खूप वर्षांपूर्वी इंटरनेटवर 'फायरफॉक्स दहापट वेगवान करा' अशा सूचनांच्या याद्या फिरायच्या. मीही त्यांपैकी एक श्रद्धेनं अमलात आणली होती. आता एकेक सेटिंग घेऊन ते काय करतं ते वाचत बसले. हा भाग मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला.

'पाइपलायनिंग' हे त्या याद्यांतलं सगळ्यांत गाजलेलं नाव. जुन्या एचटीटीपीमध्ये (ब्राउझर आणि पानं पुरवणारा सर्व्हर यांच्या देवाणघेवाणीचे नियम) एका जोडणीवरून एक गोष्ट मागायची, ती येईपर्यंत थांबायचं, मग पुढची मागायची. पाइपलायनिंगमध्ये उत्तराची वाट न बघता मागण्या एकामागोमाग पाठवता यायच्या. पण उत्तरं त्याच क्रमानं यावी लागत, त्यामुळे पहिलं रखडलं की मागची सगळी रखडत, आणि कितीतरी सर्व्हर हा प्रकार नीट हाताळत नसत. मे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ प्रमाणित झालं. त्यात एकाच जोडणीवरून अनेक गोष्टी एकमेकींत मिसळून येऊ शकतात, आणि पाइपलायनिंगची गरजच संपली. फायरफॉक्सनं जून २०१७ च्या ५४ व्या आवृत्तीत ते काढूनच टाकलं. माझ्या यादीत ते सेटिंग तरीही बसून होतं, कशालाही न जोडलेल्या दिव्याच्या बटणासारखं. अशा बेवारस सेटिंगपुढे बाणाऐवजी कचरापेटीचं चिन्ह दिसतं. ही ओळखायची सोपी खूण.

पान काढायला सुरुवात करण्याआधी थोडं थांबायचं असं एक सेटिंग आहे. पूर्वी तो विलंब पाव सेकंद होता, म्हणून याद्या सांगायच्या की तो शून्य करा. आता मूळ किंमतच ५ मिलिसेकंद आहे. शून्य केल्यानं मिळण्यासारखं काही राहिलेलं नाही, उलट अर्धवट माहितीवर पान काढून ते पुन्हा पुन्हा मांडायचं काम वाढतं.

ही दोन निरुपयोगी होती. पुढची मात्र खरंच नुकसान करणारी होती.

डिस्कवरची कॅश बंद केलेली होती. एसएसडी नवीन आल्या तेव्हा त्या लिहून लिहून झिजतील या भीतीनं असा सल्ला दिला जायचा. म्हणजे दर वेळी ब्राउझर बंद करून उघडला की माझा सगळा साठा गेलेला असायचा. मी २ जूनच्या रात्री जे हातानं केलं, तेच इतकी वर्षं रोज आपोआप होत होतं. मेमरीतली कॅशही चौसष्ट एमबीवर बांधून टाकलेली.

मागे जाताना आधीचं पान मेमरीत जिवंत ठेवायची सोय 'मेमरी वाचवा' म्हणून शून्यावर आणलेली होती. मागचा बाण दाबला की पान पुन्हा पहिल्यापासून उतरायचं. शोधाच्या निकालांवरून पुढे-मागे करताना मला जो वैताग यायचा, त्याचं कारण हे.

हार्डवेअर अॅक्सेलरेशन बंद. म्हणजे पान रंगवायचं जे काम ग्राफिक्स चिपनं करायचं, ते सगळं प्रोसेसरवर.

आणि शेवटचं, ज्यानं एकतीस सेकंदांचं कोडं सुटलं: मागचं सत्र पुन्हा उघडताना प्रत्येक टॅब आपण त्यावर जाऊ तेव्हाच उतरवायचा, हे मूळ वागणं मी बंद केलं होतं. सत्तरच्या सत्तर टॅब सुरुवातीलाच एकदम उतरायचे. ब्रॉडबँड नवीन होतं तेव्हा 'सगळं आधीच तयार राहील' या विचारानं केलं असणार.

मी ही सेटिंग एकेक करून मूळपदावर नेली आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. ३१ सेकंद. पुन्हा अबाउट:कॉन्फिग बघितलं तर सगळी सेटिंग जुन्याच किमतींवर परत. पुन्हा बदलली, पुन्हा उघडला, पुन्हा तेच. चार वेळा केलं. काहीतरी घातक शिरलंय असं वाटून अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी लावली. तीन तास चालली, काही सापडलं नाही. ८ तारखेचा अख्खा दिवस याच धास्तीत गेला. मी पासवर्ड बदलायलाही सुरुवात केली होती.

९ जूनला पुन्हा मावसभावाला फोन. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, प्रोफाइल फोल्डरमध्ये 'यूझर.जेएस' नावाची फाइल आहे का बघ बरं."

"अरे, त्या फोल्डरमध्ये शंभर फाइली आहेत."

"नावाप्रमाणे लाव. यूवरून सुरू होणारी फार नसतील."

अबाउट:सपोर्टवर प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे, तिथून गेले. फाइल होती. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. नोटपॅडमध्ये उघडली तर ती सगळी सेटिंग ओळीनं लिहिलेली, वर मीच मराठीत टीप घातलेली: 'स्पीडसाठी, काढू नये'.

ही फाइल फायरफॉक्स आपण होऊन बनवत नाही. ती असली तर दर वेळी सुरू होताना ब्राउझर ती वाचतो आणि तिच्यातल्या किमती चालू सेटिंगांवर लिहितो. मी अबाउट:कॉन्फिगमध्ये कितीही बदललं तरी पुढच्या वेळी ही फाइल ते पुसून टाकत होती. प्रोफाइल फोल्डर उचलून नेण्याच्या सवयीमुळे ती माझ्याबरोबर तीन संगणक फिरली होती. ती टीप लिहिणारी मी आणि तिच्यामुळे हैराण झालेली मी, दोघी एकच, हे पचायला मला थोडा वेळ लागला. त्या वेळी मी मन लावून, समजून घ्यायचा प्रयत्न करूनच ते केलं होतं. तेव्हाच्या ब्राउझरसाठी त्यातल्या काही गोष्टी ठीकही असतील. बदललं ते ब्राउझर.

फाइल पुसली नाही, ब्राउझर बंद करून फक्त तिचं नाव बदललं. आणि इथे एक पायरी सुटते, ती सांगते: नाव बदलल्यानं जुन्या किमती आपोआप जात नाहीत. त्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये आधीच उतरलेल्या असतात. म्हणून पुन्हा अबाउट:कॉन्फिगमध्ये जाऊन प्रत्येकीचा बाण दाबावा लागतो. या वेळी त्या टिकल्या. ९ जूनच्या रात्री ब्राउझर ११ सेकंदांत उघडला. मी तो चार-पाच वेळा बंद करून उघडला, फक्त बघायला.

हार्डवेअर अॅक्सेलरेशन सुरू केल्यावर १० तारखेला नवीन अडचण आली: व्हिडिओ बघताना पडदा लुकलुकायला लागला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, चार वर्षं जुना होता. लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून नवीन उतरवून बसवला. यात उतरवणं आणि दोनदा रीस्टार्ट धरून पाऊण तास गेला, आणि लुकलुकणं थांबलं. ड्रायव्हर बदलूनही थांबत नसेल तर तेवढं अॅक्सेलरेशन बंद ठेवायला हरकत नाही. सेटिंगच्या सर्वसाधारण भागात, 'शिफारस केलेली परफॉर्मन्स सेटिंग वापरा' यावरची खूण काढली की त्याचा पर्याय दिसतो.

पुढचे तीन दिवस मी काहीच बदललं नाही, फक्त काम केलं. दुपारनंतर ब्राउझर पुन्हा जड होतो असं दिसलं. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की फायरफॉक्सचं प्रोसेसचं पान उघडतं. कोणता टॅब किती मेमरी आणि किती प्रोसेसर खातोय ते तिथे दिसतं. आता प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे संगणकावर स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमसारखं, चालतं. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी उघड झाल्या, त्यानंतर एका स्थळाला दुसऱ्याची माहिती वाचता येऊ नये म्हणून ब्राउझर या दिशेनं गेले. सुरक्षितता वाढली, पण मेमरी जास्त लागते. हे विलगीकरण बंद करून मेमरी वाचवायचे सल्लेही मला वाचायला मिळाले. ते करू नका. बँकेचं पान आणि अनोळखी पान एकाच घरात राहायला लावण्यासारखं आहे ते.

मी त्याऐवजी टॅब कमी केले. सत्तरपैकी चव्वेचाळीस 'कधीतरी वाचू' प्रकारचे होते, ते बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये टाकले. अलीकडच्या आवृत्त्यांत टॅबवर राइट क्लिक करून तो मेमरीतून उतरवता येतो: टॅब जागेवर राहतो, गेलं की पुन्हा लोड होतो. दोन जड टॅबना मी रोज जेवायला उठताना असं उतरवते. क्रोममध्ये असंच काम आपोआप करणारी मेमरी सेव्हरची सोय परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये आहे आणि एजमध्ये टॅब झोपवायची. ते वापरणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

१५ जूनला शेवटचं काम हाती घेतलं: पाच पानांचा वेळ. तो आता २९ सेकंद होता, पण प्रत्येक नवीन स्थळ उघडताना सुरुवातीला क्षणभर काहीच व्हायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ई दाबलं की नेटवर्कची खिडकी उघडते. पान पुन्हा लोड करून यादीतल्या पहिल्या ओळीवर क्लिक करायचं आणि वेळेचा तक्ता बघायचा. त्यात नाव शोधायला (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता मिळवायला), जोडणीला, सुरक्षित हस्तांदोलनाला (सांकेतिक बोलणं ठरवायला), सर्व्हरच्या उत्तराची वाट बघायला आणि उतरवायला लागलेला वेळ वेगवेगळा दिसतो. माझा नाव शोधायचाच वेळ जवळजवळ ३०० मिलिसेकंद होता. कधीतरी मी सांकेतिक डीएनएस (हा नावांचा शोध इतरांना वाचता येऊ नये असा करायची सोय) सगळ्यांत कडक पातळीवर ठेवून हातानं एक पुरवठादार निवडला होता, तो दूरचा असावा. ती पातळी मूळ पर्यायावर नेली आणि आकडा तीस-चाळीसवर आला. प्रॉक्सीचं (इंटरनेटवर जाताना मध्ये असणाऱ्या संगणकाचं) सेटिंगही 'आपोआप शोधा' यावर होतं, एका जुन्या नोकरीच्या नेटवर्कसाठी केलेलं. ते 'संगणकाचं सेटिंग वापरा' वर नेलं. ज्यांना खासगीपणासाठी कडक पातळी हवीच आहे त्यांनी ती जरूर ठेवावी, फक्त पुरवठादार बदलून मोजून बघावं.

काही गोष्टी करून पाहिल्या आणि परत फिरवल्या. आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलं, फरक शून्य. एका सर्व्हरशी एकाच वेळी किती जोडण्या हा आकडा सहावरून सोळा केला, फरक नाही. एचटीटीपी/२ असताना बहुतेक ठिकाणी एकच जोडणी पुरते, मग आकडा वाढवून काय होणार? प्रोसेसची संख्या कमी-जास्त करूनही काही झालं नाही. यांवर माझे दोन दिवस गेले. वहीत प्रत्येकासमोर 'परत फिरवलं' असं लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलेलं असल्यामुळेच पुन्हा गोंधळ झाला नाही.

एवढं सगळं करायची ज्यांची तयारी नाही, त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. अबाउट:सपोर्टवर 'रिफ्रेश' बटण आहे. ते नवीन प्रोफाइल बनवतं. बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, कुकी नव्यात नेतं. एक्स्टेन्शन आणि बदललेली सेटिंग मागे ठेवतं. यूझर.जेएससारखी फाइलही मागेच राहते. जुना डेटा डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवलेला मिळतो, तो निदान महिनाभर पुसू नका. मला हे ३ जूनला माहीत असतं तर मी तेच केलं असतं आणि तासाभरात मोकळी झाले असते. पण मग ती फाइल कधी उघडून बघितली नसती, आणि पुढच्या वेळी कुठल्याशा यादीवरून पुन्हा तशीच एक लिहिली असती.

१९ जूनचे आकडे: सुरू व्हायला ९ सेकंद, पाच पानांना २२, स्पीडोमीटरचे ७.४ गुण. सहा वर्षांच्या लॅपटॉपकडून मला यापेक्षा जास्त नको आहे. नव्यानं मी वेगासाठी एकही सेटिंग वाढवलेलं नाही. एक्स्टेन्शन आता पाच आहेत आणि मी बदललेल्या सेटिंगांपैकी तीनच उरली आहेत, तिन्ही अक्षरांच्या आकाराची.

पाच पानांतलं एक अजूनही आठ सेकंद घेतं. तक्त्यात बघितलं तर त्यातले साडेसहा सेकंद सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्याचे आहेत. म्हणजे माझी मागणी पोचलेली असते आणि पलीकडे ते पान तयार होत असतं. तिथे माझ्या बाजूनं करण्यासारखं काही नाही. सकाळी मी तो टॅब सगळ्यांत आधी उघडते आणि तो येईपर्यंत कालचं काम पुढे घेते.